ठाण्याच्या खाडीतले बगळे: रंगापेक्षा ठेवण पाहावी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ठाण्याच्या खाडीत बगळे पाहायला जाणे हा बहुतेकांना आडवेळेचा उद्योग वाटेल. रोहित पक्ष्यांची (फ्लेमिंगोंची) छायाचित्रे काढायला येणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असते, उकाडा असह्य असतो आणि नऊ वाजताच पाण्यावरची तिरीप डोळ्यांत जाऊ लागते. तरीही बगळ्यांची ओळख पक्की करायची असेल तर हाच काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण विणीचा पिसारा चढलेले, अर्धवट चढलेले आणि अजून साध्या वेषातच वावरणारे पक्षी या दिवसांत एकाच चिखलावर शेजारीशेजारी उभे सापडतात. या सगळ्या अवस्थांत ज्या खुणा बदलत नाहीत त्यांच्यावरच भरवसा ठेवावा, आणि अशा खुणांत रंगाचा वाटा आपण समजतो त्याहून बराच कमी असतो.

खाडीतल्या फेरीची वेळ भरतीवर अवलंबून असते. तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत मुंबईच्या किनाऱ्यालाही लागू पडते. आमचा दिवस नवमीचा होता, म्हणजे भरती सकाळी पावणेसातच्या सुमारास, आणि खाडीत आत शिरायला तिला आणखी थोडा वेळ. ठाण्याहून पहाटेची गाडी धरून आम्ही ऐरोलीला उतरलो आणि रिक्षाने किनारी व सागरी जैवविविधता केंद्र गाठले. कांदळवनातून जाणाऱ्या अरुंद नाळेतून होडी बाहेर पडते तेव्हा समोर ठाणे खाडीचे रुंद पात्र आणि पलीकडे भांडुप-मुलुंडची मिठागरे दिसतात. ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा हा पश्चिम काठ 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. अभयारण्य नावाने रोहितांचे असले तरी बाराही महिने त्याची राखण बगळेच करतात, असे आमच्या होडीवाल्या दादांचे मत होते आणि ते मला मान्य आहे.

नाळेतच पहिला धडा मिळाला. पाणी उतरू लागल्याने तिवरांची श्वासमुळे उघडी पडत होती आणि त्यांच्या आड, पाण्यावर वाकलेल्या एका फांदीवर, हिरवा बगळा मान खांद्यांत ओढून बसला होता. काळी टोपी, राखी-हिरवट पाठ, पिवळसर पाय आणि जेमतेम 40 सेंटिमीटरचे शरीर. प्रौढ पक्ष्याविषयी शंका राहत नाही. घोळ होतो तो त्याच्या रेघाळ, तपकिरी पिल्लाचा आणि वंचकाचा, कारण दोघेही एकाच आकाराचे, एकाच बसणीचे आणि दोघांच्याही छातीवर रेघा. अशा वेळी पक्ष्याने उडण्याची वाट पाहावी. वंचक, ज्याला गावोगावी ढोकरी म्हणतात, तो उडाला की आतापर्यंत मातीत मिसळून गेलेल्या त्या पक्ष्याचे पंख एकदम पांढरेशुभ्र दिसतात. हिरव्या बगळ्याचे पंख कोणत्याही वयात गडदच राहतात. त्या दिवशी नाळेतल्या वंचकांपैकी काहींची पाठ विणीच्या काळातल्या गर्द तांबूस-तपकिरी रंगाची झाली होती आणि काही अजून रेघाळच होते, पण उडताना सगळे सारखेच पांढरे.

मुख्य पात्रात आल्यावर चिखलाची पट्टी हळूहळू उघडी पडत होती आणि निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, तिच्यावर उड्या मारू लागल्या होत्या. त्यांच्या मागावर लहान बगळे होते. काळी चोच, काळे पाय आणि पिवळी बोटे ही त्यांची पाठ्यपुस्तकातली खूण, पण आमच्याबरोबरच्या एका कॉलेजच्या मुलाने दुर्बीण लावून बराच वेळ पाहिले आणि तो म्हणाला, ‘‘काका, बोटं तर काळीच आहेत याची.’’

‘‘चिखल आहे तो. पाण्यात पाय घालू दे त्याला, मग बघ.’’

बगळा दोन पावले चालून ओहोळात उतरला, एक पाय पुढे करून त्याने तळ ढवळला आणि पाय वर घेतला तेव्हा बोटांवरून पाणी निथळत होते आणि ती हळदीसारखी पिवळी दिसली. तळ ढवळून भक्ष्य बाहेर काढण्याची ही सवयसुद्धा ओळखीच्या कामी येते, कारण मोठा बगळा सहसा असे करत नाही. तो संथपणे चालतो, थांबतो आणि एकच फटका मारतो. ठाण्याच्या खाडीतला चिखल इतका चिकट आणि काळा आहे की पायांच्या रंगावरून निकाल देण्याआधी पक्षी पाण्यातून बाहेर येताना किंवा उडताना पाहणे मला आवश्यक वाटते.

याच पट्टीवर जरा पुढे समुद्री बगळा होता, ज्याला पक्षीनिरीक्षक सर्रास ‘रीफ’ म्हणून मोकळे होतात. पाटीसारखा करडा-काळा पक्षी आणि गळ्यावर पांढरा डाग, हे त्याचे गडद रूप लांबूनही कळते. दादा त्याला नुसते ‘काळा बगळा’ म्हणाले आणि तो खाऱ्या पाण्याचाच गडी, गावतळ्यावर तुम्हाला दिसायचा नाही, असेही त्यांनी सांगितले. अडचण येते ती त्याच्या पांढऱ्या रूपाची. हा पक्षी पूर्ण पांढराही असतो, कधी पांढऱ्यावर करडे ठिपके असलेला मधलाही असतो, आणि पांढरा असताना तो लहान बगळ्याच्या थव्यात बेमालूम खपतो. मग चोचीकडे पाहावे लागते: लहान बगळ्याची चोच सरळ, बारीक आणि काळी, समुद्री बगळ्याची अधिक लांब, बुडाशी जाड, टोकाकडे किंचित खाली वाकलेली आणि बहुधा पिवळट-तपकिरी. पायांचा पिवळा रंगही बोटांपाशी न थांबता थोडा वर चढतो. त्याची चालही वेगळी. तो पळतो, अचानक वळतो, पंख अर्धे उघडून पाण्यावर सावली धरतो. आमच्या समोरच्या पांढऱ्या पक्ष्यांपैकी एकाची चोच नक्कीच जाड आणि फिकट होती, आणि दादांनी होडी थोडी वळवून दिली तेव्हा ती बाजूने नीट पाहता आली. लहान बगळ्याच्या चोचीतही तरुणपणी फिकेपणा असू शकतो, त्यामुळे नुसत्या रंगावर न जाता चोचीची जाडी आणि वाक दोन्ही जुळल्यावरच त्याचे नाव वहीत चढले.

राखी बगळ्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. खाडीतल्या एवढ्या मोठ्या, करड्या आणि डोळ्यावरून मागे जाणारी काळी पट्टी मिरवणाऱ्या पक्ष्याची दुसऱ्या कशाशी गल्लत होणे अवघड. फक्त लांबून, पाठीमागून उजेड असताना उडणारा जांभळा बगळा तसाच भासतो. तेव्हा मानेची घडी पाहावी. जांभळ्याची मान बारीक आणि घडी खाली अधिक टोकदार लोंबते, शिवाय मागे निघालेली बोटे लांब आणि विस्कटलेली दिसतात. एकूणच मान मुडपून उडणे हे या कुळाचे लक्षण. चित्रबलाक, चमचा, शराटी आणि रोहित हे सगळे पाणपक्षी मान लांबवून उडतात. नुकताच उडालेला बगळाही पहिल्या काही फटक्यांत मान लांब ठेवतो, म्हणून क्षणभर थांबून मगच बोलावे.

दुपारच्या ओहोटीत पक्षी लांबवर पांगतात, म्हणून आम्ही ऐरोलीहून नेरूळला जाणारी गाडी धरली. रुळांलगतच्या मोकळ्या जागेत म्हशींभोवती गाय बगळे होते, डोके, मान आणि पाठ केशरी झालेले. केशरी रंग नसेल तेव्हा आखूड, जाड पिवळी चोच आणि हनुवटीखाली फुगलेली पिसे एवढे पुरते.

संध्याकाळी नेरूळच्या टी. एस. चाणक्य परिसरामागच्या पाणथळीवर तिपाईवर दूरदर्शी लावून उभे राहिलो. भरती परत चढू लागली की खाडीतले पक्षी अशा आतल्या पाण्यांवर विसाव्याला येतात, आणि मोठा बगळा की मध्यम बगळा हा प्रश्न सोडवायला होडीपेक्षा स्थिर जमीन बरी. दोघेही पांढरे, दोघांचेही पाय आणि बोटे काळी, दोघांचीही चोच एरवी पिवळी आणि विणीत काळी. त्या संध्याकाळी एकाच रांगेत काळ्या चोचीचे, पिवळ्या चोचीचे आणि अर्ध्या रंगाच्या चोचीचे पक्षी उभे होते, तेव्हा चोचीचा रंग निरुपयोगी. आकार सांगायचा तर मध्यम बगळा साधारण 70 सेंटिमीटरचा आणि मोठा 80 ते 100, पण शेजारी दुसरा पक्षी नसेल तर हे आकडे कागदावरच राहतात. खात्रीची खूण चोचीच्या कोपऱ्यात आहे. मोठ्या बगळ्याच्या जबड्याची रेघ डोळ्याच्या खालून जाऊन मागे सरकते; मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच संपते. दूरदर्शीत ती रेघ शाईने ओढल्यासारखी स्वच्छ दिसली. याला मानेची जोड द्यावी: मोठ्याची मान शरीराहून लांब आणि मध्यावर कोनात मोडलेली, मध्यमाची गोलाईदार आणि डोकेही वाटोळे. विणीत मध्यमाच्या छातीवर आणि पाठीवर झुपकेदार पिसे येतात, मोठ्याच्या फक्त पाठीवर. डोक्यामागे लोंबणाऱ्या दोन लांब पिसांचा तुरा मात्र या दोघांपैकी कोणालाच नसतो, तो लहान बगळ्याचा.

पाणथळीच्या कडेला नाल्याच्या तोंडाशी पाणकणसांचे बेट आहे. तेथे एका पातीचा रंग बाकीच्यांशी जमत नव्हता. तो तापस होता, बगळ्यांच्याच कुळातला लपून राहणारा पक्षी. चोच आभाळाकडे, मान ताठ, छातीवरच्या उभ्या रेघा पानांच्या रेघांत मिसळलेल्या, आणि वाऱ्याने पाती हलल्या की तोही त्यांच्याबरोबर किंचित डुलत होता. चोच वर असतानाही त्याचे दोन्ही डोळे चोचीखालून आमच्याकडेच पाहत होते, कारण तापसाचे डोळे चेहऱ्यावर खाली बसवलेले असतात. बसलेल्या तापसाची जात सांगणे कठीण. पण तो पलीकडच्या बेटात जाण्यासाठी उडाला तेव्हा फिकट पिवळट पंखांची मागची कड आणि शेपूट काळी दिसली, म्हणजे पिवळा तापस. तांबूस तापसाचे पंख संपूर्ण तांबूस असतात, त्यांत काळे काहीच नसते. काळा तापस आकाराने मोठा, जवळजवळ सगळा काळा आणि मानेच्या बाजूला पिवळा पट्टा असलेला. आणि पंख पांढरे निघाले तर तो आपला ढोकरीच.

सूर्य मावळल्यावर रातबगळे निघू लागले. लाल डोळ्यांचा, काळ्या पाठीचा प्रौढ अंधुक उजेडातही कळतो, पण त्याचे तपकिरी पिल्लू वंचकासारखे वाटते. ते अंगाने थोराड असते, पंखांवर टपोरे पांढरे ठिपके असतात आणि उडताना पंख पांढरे होत नाहीत. ‘क्वाक’ असा एकच घोगरा आवाज डोक्यावरून गेला की दुर्बिणीची गरजही उरत नाही.

ज्यांना असा दिवस काढायचा आहे त्यांनी अष्टमी ते दशमीच्या दरम्यानची तिथी निवडावी, म्हणजे एक भरती सकाळी होडीला आणि दुसरी संध्याकाळी पाणथळीला मिळते. अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास येते, सकाळी नाळेत होडी चालण्याइतके पाणी नसते आणि पक्षी उघड्या चिखलावर दुर्बिणीच्या पल्ल्याबाहेर जातात. पावसाळ्यात फेऱ्या बंद असतात. तेव्हा वंचक आणि गाय बगळे वस्तीतल्या झाडांवरच्या सारंगागारांत, म्हणजे बगळ्यांच्या सामूहिक वीणवसाहतींत, घरटी करतात आणि ते पाहायला होडी लागत नाही.