मधले चार

दुपारच्या चहाबरोबर स्नूकर पाहण्याची सवय मला जून २०२० मध्ये लागली. टाळेबंदीनंतर इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे 'चॅम्पियनशिप लीग'ने व्यावसायिक स्नूकर पुन्हा सुरू झाले होते, आणि रिकाम्या सभागृहात चेंडूवर चेंडू आदळल्याचा आवाज इतका स्वच्छ येत होता, की कपात चमचा फिरवतानाही संकोच वाटावा. प्रेक्षक नसल्याची हळहळ अनेकांना वाटली. पण या स्पर्धेचा जन्मच २००८ मध्ये एसेक्समधल्या एका गोल्फ क्लबात, प्रेक्षकांविना झाला होता. विजेत्याला स्नूकरच्याच 'प्रीमियर लीग' या स्पर्धेत जागा द्यायची, एवढ्यासाठी ती निघाली आणि पहिल्या वर्षी ती जागा जो पेरी या खेळाडूने मिळवली.

लुका ब्रेसेल जिंकला त्या २०२० च्या स्पर्धेत चौसष्ट खेळाडू आणि चौघांचे गट होते, शिवाय सामना २-२ असा बरोबरीतही सुटत असे. माझा जीव मात्र जुन्या पद्धतीवर जडला. सात जणांचा गट, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे. पहिले चार उपांत्य फेरीत जात, अंतिम सामना जिंकणारा विजेत्यांच्या गटात, तळाचे दोघे घरी. उरलेले चौघे? ते तिथेच थांबत, तीन नवे खेळाडू येत, आणि पुढचा गट सुरू होई. कालचा पराभूत आज पुन्हा शून्यापासून खेळायला उभा, आणि जिंकलेल्या प्रत्येक फ्रेमचे, म्हणजे सामन्यातल्या एकेका डावाचे, पैसे वेगळे.

आजोळी मे महिन्यात आमचीही कॅरमची अशीच साखळी चाले. गुण वहीच्या शेवटच्या पानावर, बोरिक पावडर मामाच्या कपाटातली, आणि राणी घेऊन तिला साथ देता न आल्याने ती परत ठेवणारा बहुधा मीच. पहिला मी कधी आलो नाही, शेवटचाही नाही, दादा म्हणायचा, "तू आपला मधला." बाद पद्धतीवर माझा राग आहे तो तेव्हापासूनचा. एका दुपारच्या खेळावर माणसाला घरी पाठवणे मला अजूनही उद्धटपणाचे वाटते.

'चॅम्पियनशिप लीग'मध्ये असे सहा गट होत. सातव्यात मात्र मधले चार नसतात. जिंकणारा एकटा पुढे जातो आणि बाकीचे सहा जण आपापली क्यू, म्हणजे खेळायची काठी, पेटीत भरून निघतात.