चांदोरी चौफुली ते सायखेड्याचा पूल

पावसाळ्यात धो धो पाऊस लागला की सायखेड्याहून आत्याचा फोन ठरलेला. "मारुतीच्या कुठवर आलंय गं पाणी?" मी नाशिकला पंचवटीत राहते, सायखेडा गोदावरीच्या खालच्या अंगाला. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, की आत्या घरातलं धान्य माळ्यावर चढवते. या उन्हाळ्यात मात्र निवांत तिच्याकडे निघाले.

संभाजीनगर रस्त्याने ओढा, लाखलगाव मागे टाकलं की चांदोरी चौफुली. तिथून सायखेड्याकडे वळायचं आणि गाडी वेग घेते न घेते तोच गोदावरीचा पूल. एवढासाच रस्ता, पण पलीकडच्या गावांचा कांदा, ऊस, शाळेची पोरं, बाळंतिणी, सगळ्यांची ये-जा याच्यावरूनच.

पुलाच्या जरा वर दारणासांगवीला दारणा गोदावरीला मिळते. म्हणजे गंगापूर आणि दारणा, दोन्ही धरणांतून सोडलेलं पाणी इथे एकत्र येतं. खाली नांदूरमधमेश्वरचा बंधारा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालेली महाराष्ट्रातली पहिली जागा ती हीच. त्याच्या फुगवट्यात चांदोरीची हेमाडपंती मंदिरं बुडालेली असतात. यंदा पाणी ओसरलेलं होतं. खाली उतरून एका खांबावर हात ठेवला, तर नक्षीच्या खाचांत वाळलेला गाळ आणि इवलाले शिंपले. माणसांनी पूजलेला दगड वर्षातले कितीतरी महिने मासे सांभाळतो, या विचाराने गलबलून आलं.

पुलावर थांबले. कठड्याच्या सांध्यात पाणवेलीची वाळकी मुळं अडकली होती, काळी, केसांच्या गुंत्यासारखी. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरांत पाणी सायखेड्याच्या बाजारपेठेत शिरलं. पुराबरोबर पाणवेलींचे ढीगच्या ढीग येतात, पुलाला अडतात आणि पाण्याला तुंब बसतो. ही वेल पोसते सांडपाण्यावर. त्यात आम्हा नाशिककरांचं सांडपाणीही आलंच. रामकुंडावर हात जोडणारे आम्ही, पुढे नदीत काय जातं ते बघत नाही. मला त्या मुळांकडे बघवेना.

आत्याच्या घरी भिंतीवर खिडकीच्या वर मातकट रेघ अजून आहे, २०१९ ची. दोनदा चुना मारूनही ती वर येते. मी बोट फिरवत होते, तर आत्या म्हणाली, "राहू दे. पुढच्या टायमाला सामान कुठवर उचलायचं ते कळतं."

निघताना तिने अर्धी गोणी कांदे गाडीत टाकले आणि बजावलं, "जूनपासून फोन जवळ ठेव बरं."