मूल आवरेनासं होतं तेव्हा नाशिकमध्ये सुरुवात कुठून करायची

वय साडेतीन-चार. भिंतीवर डोकं आपटणं, चावणं, हाताला लागेल ते फेकणं, रात्रीची झोप नाही. बालवाडीतून 'घेऊन जा' म्हणून फोन. आमच्या मुलासाठी मदत शोधताना जे कळलं, त्यातलं सगळ्यात उपयोगाचं आधी सांगते: डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे वही लिहा.

ओपीडीत दहा-पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात मूल एकतर खेळण्यात गुंगून शहाण्यासारखं बसतं, नाहीतर नव्या जागेला घाबरून भोकाड पसरतं. घरी काय चालतं ते दोन्हींतून कळत नाही. आमच्या वहीतली नोंद अशी असायची: 'मंगळवार, संध्याकाळी ६.४०. आजीने मोबाईल काढून घेतला. जमिनीवर डोकं आपटलं, आजीच्या मनगटाला चावला. १८ मिनिटं. मोबाईल परत दिला, लगेच थांबला. दुपारी झोप नाही. दोन दिवस शी नाही.'

म्हणजे आधी काय घडलं, त्याने नेमकं काय केलं, किती वेळ आणि नंतर आपण काय केलं. यातला शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. झोप, जेवण, शी, ताप, कान दुखणं हेही लिहायचं. बद्धकोष्ठ असलेलं, रात्रभर तोंडाने श्वास घेणारं मूल दिवसा चिडणारच. जोडीला मिनिटभराचे दोन-तीन व्हिडिओ ठेवा, पण नुसता थयथयाट नको. तो सुरू होण्याआधीचे काही क्षण त्यात आले पाहिजेत.

पहिली पायरी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. वागणुकीचा विचार करण्याआधी शरीर तपासून घ्यायचं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोह कमी असलं की चिडचिड आणि अस्वस्थ झोप दोन्ही येतात), गरज वाटली तर थायरॉइड. घोरत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून अॅडेनॉइड (नाकामागची वाढणारी गाठ) बघून घ्या. मधेच काही सेकंद एकटक शून्यात बघत असेल आणि हाक मारून भानावर येत नसेल तर ते आवर्जून सांगा, ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, लागू शकते. नुसत्या वागण्यावरून एमआरआय सहसा लागत नाही.

बोलणं उशिरा आलेल्या मुलाची ऐकण्याची तपासणी, म्हणजे बेरा, टाळू नका. 'टीव्हीचा आवाज ऐकतो की' म्हणून ती राहून जाते. बेरा झोपेत करतात. म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवायचं, पहाटे उठवायचं आणि रिक्षात झोपू द्यायचं नाही. नाशिकरोडहून शरणपूर रोडपर्यंत येताना वाटेत डुलकी लागली, की तिथे मूल टक्क जागं राहतं आणि पुन्हा तारीख घ्यावी लागते.

पैशांची अडचण असो वा नसो, सिव्हिलमधलं, म्हणजे जिल्हा सरकारी रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, माहीत असायला हवं. ते ज्याचा भाग आहे तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात ० ते १८ वयाची मुलं येतात आणि विकासातला उशीरही येतो. त्याचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतं, पण तोवर थांबायची गरज नाही. सेविकाताईंना सांगा, त्या पथकाला कळवतात. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा व श्रवण तज्ज्ञ, विशेष शिक्षक असे सगळे एका छताखाली आणि मोफत, अशी ही रचना आहे. प्रत्यक्षात एखादं पद रिकामं असू शकतं. तेव्हा सुरगाणा, पेठहून दिवसाची मजुरी बुडवून यायचं असेल तर कोण कुठल्या वारी बसतं ते पथकाकडून आधी विचारून घ्या. बरोबर आधार, लसीकरणाचं कार्ड, आधीचे रिपोर्ट आणि वही. आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. रात्री-बेरात्री धीर सुटला तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर लावा, मराठीत बोलता येतं.

मानसशास्त्रज्ञांच्या चाचण्यांत मुलाची झोपेची वेळ टाळा आणि पोट भरलेलं असू द्या. घरची बोली आधी सांगा. घरात अहिराणी किंवा कोकणी बोलत असतील आणि प्रश्न पुस्तकी मराठीत आले, तर मूल आहे त्यापेक्षा मागे दिसतं. सामाजिक परिपक्वतेसाठी व्हीएसएमएस, बुद्ध्यांकासाठी बिने-कामत, ऑटिझमसाठी (स्वमग्नता) इसा ही नावं रिपोर्टात दिसतील. इसामध्ये ४० मुद्दे असतात आणि गुण ७० च्या खाली असले तर ऑटिझम धरत नाहीत. रिपोर्टवर चाचणीचं नाव, गुण, निरीक्षण आणि सही करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, वाचा उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ऑक्युपेशनल थेरपिस्टची (रोजची कामं आणि हालचाली शिकवणाऱ्यांची) मात्र महाराष्ट्राच्या स्वतंत्र परिषदेकडे. एका केंद्राने आम्हाला अशा क्रमांकाशिवाय रंगीत छापलेला रिपोर्ट दिला होता. पुढे कुठेच तो कुणी ग्राह्य धरला नाही.

एकाच आदळआपटीची मुळं निराळी असतात. ऑटिझम, एडीएचडी (अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं), भीती, किंवा नुसतं बोलता न येणं. शब्द नसतात म्हणून हात चालतो. आणि वागणं अचानक बदललं असेल, ठरावीक माणसाजवळ जायला मूल घाबरत असेल, तर त्याला कुणी इजा करतंय का हे आधी बघा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

निदान काहीही निघो, सहा वर्षांखालच्या मुलासाठी सहसा आधी येतं ते पालकांचं प्रशिक्षण. हे ऐकून अनेक घरांत नाराजी होते, 'म्हणजे दोष आमचा?' दोष कुणाचाच नाही. आठवड्यातून एक तास मूल थेरपिस्टकडे असतं, उरलेला सगळा वेळ आपल्याकडे, इतका साधा हिशेब आहे.

रोज दहा मिनिटं मूल खेळेल तसं खेळायचं. त्यात सूचना नाही, प्रश्न नाही, मोबाईल नाही. सांगायचं ते जवळ जाऊन, त्याच्या उंचीवर बसून, एका वेळी एकच. 'चप्पल घालतोस का?' याला 'नाही' हे उत्तर येणारच, म्हणून 'चप्पल घाल', मग मनात पाचपर्यंत मोजायचं आणि केलं की त्या क्षणी त्याच कामाचं कौतुक. खेळ बंद करायच्या पाच मिनिटं आधी कल्पना द्यायची. वाळूचं घड्याळ असेल तर उत्तम, मुलाला वेळ डोळ्यांनी दिसते. किंचाळणं, लोळणं याकडे लक्ष द्यायचं नाही. चावणं, मारणं, डोकं आपटणं मात्र लगेच अडवायचं. डोक्याखाली उशी सरकवायची, हात धरायचा, चेहरा शांत, बोलणं जवळजवळ नाही.

बहुतेक घरं इथेच घसरतात. लक्ष देणं थांबवलं की पहिले काही दिवस थयथयाट वाढतो, कारण आजवर चाललेलं हत्यार मूल आणखी जोर लावून वापरून बघतं. अशा वेळी विसाव्या मिनिटाला आजोबांनी कळवळून बिस्किट दिलं, तर मूल एवढंच शिकतं की वीस मिनिटं रडायचं असतं. पुढच्या वेळी पंचवीस. त्यांची माया खरी असते, त्यांना रागावून काही होत नाही. म्हणून थेरपिस्टकडे आजी-आजोबांनाही घेऊन जा. तेच वाक्य सुनेने सांगणं आणि थेरपिस्टताईंनी सांगणं यात घरोघरी फरक पडतो.

औषध बालमानसोपचारतज्ज्ञांनीच सुरू करावं. ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीसाठी आणि मूल स्वतःला इजा करत असेल तर रिस्पेरिडोन देतात, साधारण पाच वर्षांनंतर. ते चालू असताना वजन, भूक आणि रक्तातली साखर तपासत राहावी लागते. एकदम बंद करायचं नाही. ऑटिझमवर स्टेम सेल (मूळ पेशी) उपचाराची जाहिरात दिसली तर पैसे घालू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्येच तो उपचार करू नये असं सांगितलं आहे.

बालवाडीशी भांडण्याआधी बाईंना अर्धं पान लिहून द्या: कशाने भडकतो, कशाने शांत होतो, चावायला आला तर काय करायचं. सुरुवातीला दीडच तास पाठवायचं ठरवा, पण न्यायला जायचं ते तो शांत असताना. प्रत्येक गोंधळानंतर घरी पाठवलं तर गोंधळ हाच घरी जायचा रस्ता होतो. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाला लागू होतो. त्या वयात शाळेतून काढून टाकता येत नाही आणि मारताही येत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि बौद्धिक दिव्यांगत्व आहे, नुसतं एडीएचडी नाही. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून सिव्हिलमध्ये तपासणी होते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा १ लाख रुपयांपर्यंत असतो आणि त्यात ओपीडीतली थेरपीही धरतात. थेरपीची बिलं मुलाच्या पूर्ण नावाने घ्या, मूळ प्रती जपा.

तीन महिन्यांनी पुन्हा दोन आठवडे वही लिहा आणि जुन्या पानांशी ताडून बघा, आठवड्यातले प्रसंग किती आणि प्रत्येक किती मिनिटांचा. प्रसंग तेवढेच पण वेळ निम्म्यावर आला असेल तर उपचार लागू पडतोय. काहीच हललं नसेल तर थेरपिस्टना ही पानं दाखवून बेत बदलायला सांगा. तरीही जमलं नाही तर मुंबईत केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयात दुसरं मत घ्या. तिथे केसपेपर सकाळीच काढावा लागतो, म्हणून आदल्या दिवशी जाऊन मुक्काम केलेला बरा. प्रवासाने थकलेलं मूल तपासणीला बसत नाही.