आईबाप गेल्यावर राहायचं कुठे?

अमेरिकेतल्या न्यू जर्सी या राज्याचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं, म्हणून मार्च लागला की राजधानी ट्रेन्टनला अर्थसंकल्पाच्या सुनावण्या सुरू होतात. 80 आमदारांची असेंब्ली, 40 जणांचं सिनेट. दोन्हीकडच्या समित्यांपुढे सामान्य माणूस उभा राहून दोन-तीन मिनिटं आपलं म्हणणं मांडू शकतो. अशाच एका सुनावणीला मी गेलो होतो. बोलायला आलेल्यांत बरेचसे थकलेले आईबाप होते. कोणाचं मूल ऑटिझमचं, कोणाचं डाऊन सिंड्रोमचं, कोणाला बौद्धिक अक्षमता. मुलं म्हणायची, पण वय चाळीस-पन्नास. मागणी एकच: यांना परवडेल असं घर द्या, आणि ते आमच्याच गावात द्या.

एका वडिलांच्या हातात वही होती. मुलाचा अख्खा दिवस त्यात लिहिलेला. दूध कोमट द्यायचं. दाढीच्या आधी ब्रश त्याच्या हातात द्यायचा, नाहीतर तो बसत नाही. ढग गडगडले की खिडकी लावून शेजारी बसायचं. ही वही मी कोणाच्या हवाली करू, एवढंच ते आमदारांना विचारत होते.

अमेरिकेत सरकार सगळं करतं, असं आपल्याकडे वाटतं, म्हणून इथली अडचण नीट सांगतो. मेडिकेड ही सरकारी आरोग्य योजना. त्यातून अशा माणसाला मदतनीस मिळतो, जो आंघोळ, औषधं, बाजार सगळं सांभाळतो. पण घरभाडं त्या पैशातून देता येत नाही, केंद्राचा नियमच तसा आहे. भाड्यासाठी उरतो एसएसआय, म्हणजे गरीब दिव्यांगांना मिळणारा केंद्राचा भत्ता. 2025 मध्ये तो महिन्याला 967 डॉलर होता, आणि राज्य त्यावर थोडीशी भर घालतं. मी राहतो त्या एडिसन गावाकडे दीड हजार डॉलरच्या आत एका बेडरूमचा फ्लॅट मिळणं मुश्किल. शिवाय नावावर 2000 डॉलरपेक्षा जास्त शिल्लक राहिली तर भत्ताच बंद. ही मर्यादा 1989 पासून जशीच्या तशी आहे. म्हणजे काळजी घेणारा माणूस मंजूर, पण तो जाणार कोणत्या घरी? मग राज्य भाड्याचं व्हाउचर देतं: उत्पन्नाचे 30 टक्के भाडेकरूने भरायचे, बाकी सरकारने. व्हाउचरना पैसा किती ठेवायचा, यावर समितीत ओढाताण चालते.

पूर्वी अशा माणसांना मोठ्या संस्थांमध्ये ठेवत. 1999 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ओल्मस्टेड खटल्यात सांगितलं की जो समाजात राहू शकतो त्याला विनाकारण संस्थेत ठेवणं हा भेदभाव आहे. न्यू जर्सीने टोटोवाची संस्था 2014 मध्ये आणि वूडब्रिजची 2015 च्या सुरुवातीला बंद केली. आता भर चार-पाच जणांच्या घरांवर आहे. साधी वस्ती, साधं घर, चोवीस तास मदतनीस. सगळ्या पालकांना हे पटतं असं नाही. ज्यांच्या मुलांना झटके येतात, जी स्वतःला इजा करून घेतात, ते म्हणतात की आम्हाला डॉक्टर-नर्स असलेली मोठी जागाच बरी. त्यांचंही म्हणणं खोडून काढता येत नाही. छोट्या घरांतही हेळसांड होते. म्हणूनच 2017 मध्ये न सांगता तपासणी करण्याचा कायदा इथे करावा लागला.

पण मला सगळ्यात मोलाची वाटली ती दुसरीच गोष्ट. 1975 मध्ये माउंट लॉरेल नावाच्या गावाविरुद्धच्या खटल्यात इथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गरिबांना परवडतील अशा घरांचा वाटा प्रत्येक वाढत्या गावाने उचलायचा, नुसते मोठे बंगले बांधून मोकळं व्हायचं नाही. 2024 मध्ये विधिमंडळाने नवा कायदा केला आणि 2025 ते 2035 या दहा वर्षांसाठी प्रत्येक गावाचा वाटा ठरवायची पद्धत घालून दिली. त्या हिशेबात दिव्यांगांसाठीच्या अशा घराची प्रत्येक बेडरूम एक घर म्हणून धरली जाते. चार बेडरूमचं घर झालं की गावाच्या खात्यात चार जमा. मग नगरपालिका स्वतःहून जागा शोधते. विरोधही भरपूर आहे. कर वाढतील, शाळा भरतील, रस्ते तुंबतील, असं म्हणत मॉन्टवेलसारखी गावं कोर्टात गेली. पण भांडण आता किती आणि कुठे यावर आहे. वाटा असावा हे तत्त्व पन्नास वर्षं टिकून आहे.

हे सगळं ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे माझा आतेभाऊ होता. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात तो चाळिशी ओलांडून गेला आहे. शाळा त्याला जमली नाही. पण चोपड्याची गाडी, धुळ्याची गाडी, कोणती कधी येते हे त्याला पाठ. सकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो गाडीची वेळ सांगतो, आणि गावही त्याला विचारूनच स्टँडवर जातं. आत्या सत्तरीच्या पुढे. फोनवर दर वेळी तिचं एकच: "बापू, मी शे तोवर ठीक शे. मंग याले कोन देखी?"

त्याच्या डोक्यावर छप्पर आहे, वाडवडिलांचं घर आहे. आत्यानंतर जेवायला वाढणारं, औषध देणारं माणूस नाही. भाऊ सुरतेला, बहीण पुण्याला. कोणी सुचवतं, नाशिक-पुण्याकडच्या एखाद्या संस्थेत ठेवा. तिथे जेवण मिळेल, पण त्याला ओळखून गाडी विचारणारं तिथे कोण? त्याचं घर म्हणजे नुसत्या चार भिंती नाहीत, तो ओटा आणि ते गाव आहे. म्हणून सोय व्हायची तर ती अमळनेरला, चोपड्याला, शिरपूरला, शहाद्याला व्हावी असं मला मनापासून वाटतं.

कायदा आपल्याकडेही आहे, हे खान्देशातल्या घराघरांत कळलं पाहिजे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 5 समाजात राहण्याचा हक्क देतं. कलम 37 नुसार शेतजमीन आणि घरं वाटपाच्या योजनांमध्ये 5 टक्के आरक्षण आहे. प्रौढांच्या निवासासाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची (नॅशनल ट्रस्ट) 'घरौंदा' योजना आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो बहुतेक वेळा वस्तू वाटण्यात संपतो. त्यातून तालुक्याच्या गावी एक घर भाड्याने घेऊन चार जणांची सोय लावता येणार नाही का? महाराष्ट्राने 2022 मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला, म्हणजे जाब विचारायला खातंही आहे. जळगावचे 11, धुळ्याचे 5, नंदुरबारचे 4 असे 20 आमदार आपण निवडून देतो. प्रत्येक नगरपालिकेचा वाटा ठरवा, ही मागणी त्यांच्यापैकी एकाने जरी विधानसभेत मांडली तरी विषयाला तोंड फुटेल. आणि ती मांडायला लावायची तर पालकांनी एकेकट्याने नाही, जथ्याने त्यांच्याकडे जायला हवं.

तोवर एक काम घरोघरी करून ठेवा. मूल अठराचं झालं की कायद्याने ते सज्ञान होतं आणि आईबापांची सही आपोआप चालत नाही. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. नातेवाईकही पालक होऊ शकतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. आणि त्या वडिलांसारखी एक वही आजपासूनच लिहायला घ्या. आत्याला लिहायला जमत नाही, म्हणून ती फोनवर सांगते आणि मी लिहून घेतो.