चुन्याची भिंत, वाड्याचे सागवान आणि घोंगडी

घर देखणे करायचे म्हटले की पहिला खर्च भिंतींवर होतो, आणि माझ्या मते पहिला फेरविचारही तिथेच व्हायला हवा. पुण्यातल्या आमच्या घराच्या बैठकीच्या खोलीला प्लास्टिक इमल्शन रंगाऐवजी चुन्याचा हात द्यायचे ठरवले, तेव्हा ‘चुना गोठ्याला देतात’ असे अनेकांनी ऐकवले. आज त्या भिंतीवर दुपारचे ऊन पडले की जो मऊपणा दिसतो, तो चकचकीत रंगाला येत नाही.

चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात भिजवताना प्रचंड उष्णता सुटते, म्हणून हे काम डोळे सांभाळून, जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. गाळून पातळ केलेला चुना ओलसर भिंतीवर कुंचल्याने दोन-तीन वेळा दिला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडीच्याच रूपात घट्ट होतो. ओला असताना हा थर जवळजवळ पारदर्शक दिसतो. वाळत जाईल तसा पांढरेपणा वर येतो आणि कुंचल्याच्या फटकाऱ्यांच्या फिकट-गडद छटा उमटतात. आम्ही त्यात थोडा गेरू मिसळला, त्यामुळे भिंतीला विटेच्या धुळीसारखी छटा आली. भट्टीला इंधन लागते, धूरही होतो, म्हणून चुना सर्वस्वी निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. पण तो ओल भिंतीत कोंडून ठेवत नाही आणि अल्कधर्मी असल्यामुळे बुरशीला सहसा थारा देत नाही. पावसाळ्यात हे दोन्ही गुण फार मोलाचे ठरतात. मात्र जुन्या प्लास्टिक रंगावर तो धरत नाही; तो रंग आधी खरवडून काढावाच लागतो.

रंगच हवा असेल, तर डब्यावरची माहिती वाचावी. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असावे, असा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे.

लाकडाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: नव्या प्लायवूडपेक्षा पाडलेल्या वाड्यांचे सागवान घ्यावे. प्लायवूडचे थर चिकटवणाऱ्या द्रव्यातून बहुधा फॉर्मल्डिहाइड हा त्रासदायक वायू सुटत राहतो, आणि पाणी लागून फुगलेली फळी दुरुस्तही होत नाही. जुन्या तुळया आणि दारे मात्र पुन्हा पुन्हा कापता, तासता येतात. सुतार आधी लोहचुंबक फिरवून आत अडकलेले खिळे शोधतो, नाहीतर रंध्याच्या पात्याला दाते पडतात. आमचे टीपॉय अशाच एका दाराचे आहे. कडीच्या जागेची भोके मी बुजवू दिली नाहीत. त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश आहे. ओरखडा पडला तर त्यावर नवा हात देता येतो, फक्त गरम भांडे थेट ठेवायचे नाही.

जमिनीवर गालिच्याऐवजी घोंगडी अंथरली आहे. दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची ही घोंगडी सनगर समाजाचे विणकर विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन तिला ताठपणा आणतात. काळा-करडा रंग लोकरीचा मूळचाच असल्यामुळे रंगवण्याची गरज नसते. सुरुवातीला ती टोचते, हे खरे. वापराने ती मऊ होत जाते. गरम पाणी आणि वॉशिंग मशीन टाळावे, कारण लोकर आटते; कडक उन्हात झटकली आणि कसर लागू नये म्हणून कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासह घडी घालून ठेवली, तर ती वर्षानुवर्षे टिकते.