तुम्ही विचारलंत म्हणून: एअर गन आणि दुसरा हात

छंद म्हणून घरी लाकूडकाम करणारे, नवं वर्कशॉप टाकणारे, फ्लॅटचं काम चालू असताना मिस्त्रीच्या हातातली गन बघून बिचकणारे, सगळे मला एकच विचारतात. हवेवर चालणाऱ्या खिळ्याच्या गनला घाबरायचं का, आणि सगळ्यात मोठी काळजी कोणती घ्यायची? माझं उत्तर ठरलेलं आहे. गन धरलेल्या हाताकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तुम्ही दुसऱ्या हाताकडे बघा, जो पट्टी दाबून धरतो, कोपरा जुळवतो, अडकलेला खिळा काढायला जातो.

अमेरिकेत २००१ ते २००५ या काळात नेल गनने जखमी होऊन दवाखान्याच्या तातडीच्या विभागात येणारे लोक वर्षाला सरासरी ३७,००० होते आणि त्यातले सुमारे ४० टक्के घरगुती वापर करणारे होते. तिथे लाकडी घरांचे सांगाडे ठोकतात, त्यांच्या गन मोठ्या. आपल्याकडे इंटिरिअरच्या साइटवर दिसते ती बहुतेक एफ-३० गन, १८ गेजच्या (गेज म्हणजे जाडीचा आकडा), ३० मिलिमीटरपर्यंत लांबीच्या खिळ्यांची. पण जखम व्हायची जागा दोन्हीकडे तीच: हात आणि बोटं.

हे का होतं ते नीट समजून घ्या. १८ गेजचा खिळा जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर जाडीचा. सरळ गेला तर सरळच, पण वाटेत गाठ, जुना स्क्रू किंवा प्लायच्या थरांमधला कडक तुकडा आला की तो वळतो, आणि गन थांबत नसल्यामुळे वळलेल्या दिशेनेच पुढे जातो. आता १८ मिलिमीटर प्लायच्या कडेला बीडिंगची, म्हणजे कड झाकायची लाकडी पट्टी मारायची आहे. माणूस काय करतो? प्लायच्या दोन्ही अंगांना चिमटीत धरतो, अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, आणि बरोबर त्यांच्यामधून खिळा सोडतो. खिळ्याच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ मिलिमीटर प्लाय आणि त्यापलीकडे बोट. खिळा जरा तिरका झाला की प्लायच्या अंगातून बाहेर पडतो आणि बोटात घुसतो. गन अजिबात नादुरुस्त नसते. चालवणाराही वर्षानुवर्षांचा कारागीर असू शकतो.

म्हणून आमच्या वर्कशॉपमध्ये नव्या मुलाला गन देण्याआधी मी क्लॅम्प लावायला शिकवतो. खिळा मारायच्या जागेपासून हात किमान एक फूट लांब हवा. पट्टी आखूड असेल आणि हे जमत नसेल, तर तिला आधी गोंद आणि मास्किंग टेपने बसवा, नाहीतर क्लॅम्प लावा. "एकच तर खिळा मारायचाय" म्हणून बोटाने धरू नका. पार्टिशनचं काम असेल तर पलीकडे हेल्परचा हात कुठे आहे हेही विचारा, मोठ्याने. १२ मिलिमीटरच्या प्लायमध्ये २५ चा खिळा मारला तर अर्ध्याहून जास्त पलीकडे निघतो. खिळा निवडताना डबीवरचा आकडा वाचायचा कंटाळा करू नका.

यानंतर ट्रिगर. पुष्कळ गनांना नाकाशी एक सरकणारी पट्टी असते. ती लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही. पण ती दोन प्रकारे काम करते, आणि हा फरक गन विकत घेताना कोणी विचारत नाही याचं मला फार वाईट वाटतं. एका प्रकारात ट्रिगर दाबून ठेवायचा आणि नाक टेकवत जायचं, दर टेकणीला एक खिळा. काम झपाट्याने होतं, पण गन उसळून परत आपटली की नको असलेला दुसरा खिळाही सुटतो, आणि ट्रिगर दाबून चालताना नाक मांडीला लागलं तरी सुटतो. त्या पट्टीला लाकूड आणि मांडी सारखीच. दुसऱ्या प्रकारात आधी नाक टेकवायचं, मग ट्रिगर दाबायचा, आणि पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा सुरुवात करायची. अमेरिकेतल्या ओशा आणि निओश या सरकारी संस्थांनी २०११ मध्ये ठेकेदारांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात पहिल्या प्रकारच्या ट्रिगरने इजेचा धोका दुप्पट असतो असं म्हटलं आहे. घरच्या कामाला दुसराच प्रकार घ्या. वेळ थोडा जास्त लागेल, लागू द्या. आणि खिळा कुठे जातो ते दिसावं म्हणून नाकाची पट्टी तारेने मागे बांधून ठेवलेली गन साइटवर दिसली, तर काम थांबवून आधी ती तार सोडवा.

खिळा अडकला की पहिल्यांदा हवेचा पाइप काढायचा. ट्रिगरवरून बोट काढलं म्हणून नाकात बोट घालायचं नाही. इथे एक बारीक गोष्ट आहे: गन आणि पाइप जोडणाऱ्या कपलरचा नर भाग, म्हणजे प्लग, गनच्या मुठीला असायला हवा आणि सॉकेट पाइपकडे. तसं असेल तर पाइप काढताच गनमधली हवा फुस्स करून निघून जाते. उलटं बसवलं असेल तर पाइप निघतो, पण गनच्या पोटात हवा कोंडलेली राहते आणि तेवढ्यावर एक खिळा आरामात सुटतो. तुमची गन आज उचलून हे तपासा.

बाकीचं थोडक्यात. प्रेशर गनवर लिहिलेल्या मर्यादेत ठेवा. एफ-३० ला दर चौरस सेंटिमीटरला साधारण चार ते सात किलो, म्हणजे मीटरवर ६० ते १०० पीएसआय, पुरतं. कमीपासून सुरू करून टाकाऊ तुकड्यावर बघत वाढवा. ऑक्सिजनचा सिलिंडर गनला कधीही जोडू नये, स्फोट होतो. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा, नाहीतर टाकी आतून गंजत जाते. डोळ्यांना गॉगल, कानांना प्लग, आणि हे तुमच्याइतकंच शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही.

आणि घुसलाच खिळा, तर तो ओढून काढू नका. हा सल्ला लोकांना पटत नाही, कारण बारीक खिळा पकडीने सहज निघेल असं वाटतं. पण तो हाडात किंवा सांध्यात गेला आहे का, हे एक्स-रेशिवाय कळत नाही. खिळे एकमेकांना चिकटवून त्यांची स्ट्रिप करणारा गोंद, हातमोज्याचे धागे, लाकडाचा भुसा, सगळं त्याच्याबरोबर आत गेलेलं असतं आणि जखम पिकते. हात स्थिर ठेवा, बोट सुजण्याआधी अंगठी काढा आणि थेट हॉस्पिटलला जा. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा, आणि गनमधल्या त्याच स्ट्रिपचा एक खिळा सोबत न्या, म्हणजे आत केवढा आणि कसला खिळा आहे हे त्यांना बघता येईल.