तुम्ही विचारलंत म्हणून: मग, विम्बल्डन कधी?

आमचा मुलगा टेनिस खेळतो, म्हणून पार्ल्यातल्या आमच्या सोसायटीत हा प्रश्न लिफ्टमध्येच विचारतात. "मग काकू, विम्बल्डन कधी?" मी हसते, तोवर तळमजला येतो. पण परवा शेजारच्या वहिनी बाहेर पडूनही उत्तरासाठी थांबल्या. म्हणून जरा बसून सांगते.

विम्बल्डनच्या नुसत्या पात्रता फेरीत शिरायचं तरी जागतिक क्रमवारीत साधारण पहिल्या सव्वादोनशे-अडीचशेत असावं लागतं. (आणि ती फेरी विम्बल्डनच्या मैदानात होतच नाही, रोहॅम्प्टनला होते.) आमचा मुलगा वीस वर्षांचा आहे आणि हजाराच्या बराच पलीकडे.

तो खेळतो त्या स्पर्धांना एम-१५ म्हणतात. एकूण बक्षीस १५,००० डॉलर. हा आकडा ऐकला की लोकांच्या भुवया वर जातात. पण ती रक्कम एकेरी-दुहेरीच्या सगळ्यांत वाटायची असते. एकेरी जिंकणाऱ्याला २,१६० डॉलर, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६. पात्रता फेरीतच गारद झालात तर काहीच नाही. बरं, त्या १५६ डॉलरबरोबर क्रमवारीचा पॉइंटही मिळत नाही. मेन ड्रॉमधली, म्हणजे पात्रता फेरीनंतरच्या मुख्य स्पर्धेतली, एक मॅच जिंकली की एक पॉइंट, आणि तोही ५२ आठवड्यांनी गळतो.

मी बँकेत तीस वर्षं काढली, त्यामुळे घरात हिशेबाची वही माझ्याकडे. सुरुवातीला मी तिच्यात जिंकलेल्या-हरलेल्या मॅचेस लिहायचे. आता आठवडे लिहिते. आहेत तेवढ्या पैशांत अजून किती आठवडे खेळता येईल, एवढंच. वीस वर्षांच्या मुलाचा खेळ कधी उमलेल हे कोच सांगू शकत नाही, मी तर नाहीच. तोवर त्याला कोर्टवर टिकवून धरायचं, हे मात्र जमेल तेवढं करता येतं.

म्हणूनच त्याचा मुक्काम सारखा ट्युनिशियातल्या मोनास्टिरला. तिथे आठवड्यामागून आठवडे या स्पर्धा चालतात, त्याच हॉटेलात, त्याच कोर्टांवर. एका विमान तिकिटात चार स्पर्धा होतात. मंगळवारी हरला तर पुढच्या स्पर्धेपर्यंत सराव करायचा, आणि हॉटेलचं बिल चालूच. कोच बरोबर न्यायचा तर दोन तिकिटं, दोन खोल्या. त्यापेक्षा कोच इथून रात्री व्हॉट्सॲपवर व्हिडिओ बघतात. मी मेतकूट पाठवते, भात हॉटेलात मिळतो.

पहिला पॉइंट मिळाला तेव्हा मी डाळीला फोडणी देत होते. फोनवर फक्त "आई, एक" म्हणाला. मोहरी करपली.

२०२३ मध्ये आपला टेनिसपटू सुमित नागल म्हणाला होता की आपल्या खात्यात ९०० युरो उरलेत. तेव्हा तो एकेरीत देशात पहिला होता. चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्याने ऑस्ट्रेलियन ओपनला कझाकस्तानच्या मानांकित बुब्लिकला हरवलं. सगळ्यांना बुब्लिक आठवतो. माझ्या डोक्यातून ते ९०० काही जात नाहीत.

आणि हो, फेब्रुवारी २०२५ मध्ये सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) मुंबई ओपन ही महिलांची टेनिस स्पर्धा बघायला मी आणि मुलगा गेलो होतो. माया राजेश्वरन ही पंधरा वर्षांची मुलगी पात्रता फेरीपासून खेळत थेट उपांत्य फेरीत गेली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बघा, पंधराची!" मी चोरून मुलाकडे पाहिलं. तो तिचे पाय बघत होता, समोरचीची सर्व्हिस परतवताना ती किती आत येऊन उभी राहते ते. चर्चगेटहून घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता किटबॅग घेऊन कूपरेजच्या टेनिस कोर्टवर गेला.

तर वहिनी, वहीत सध्या अकरा आठवडे शिल्लक आहेत. त्यातल्या चार आठवड्यांसाठी तो येत्या शनिवारी निघतोय. पाऊस सुरू झाला की इथली कोर्टं तशीही बंदच. मेतकूट या वेळी थोडं जास्त करायचंय, तुमच्याकडचा मिक्सर चालेल का?